चाल लावणारे आणि संगीत लिहिणारे : वनराज भाटिया यांच्याविषयी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत समांतर हिंदी चित्रपटांविषयी आलेला दीर्घ लेख मी आवडीने वाचला. दिग्दर्शक, छायालेखक आणि पटकथाकार यांच्याविषयी लेखकाने मनापासून लिहिले आहे, आणि विजय तेंडुलकरांच्या पटकथांवरील परिच्छेद तर कात्रण काढून ठेवावा असा आहे. मात्र संगीताचा विषय निघाला तेव्हा ‘संगीतकार वनराज भाटिया यांनी या चित्रपटांना साजेसे संगीत दिले’ एवढ्या एका वाक्यात तो आटोपला. वाक्यात चूक काहीच नाही. तरीही ज्या माणसाने उमेदीची आठ-नऊ वर्षे लंडन आणि पॅरिस येथे संगीतरचना शिकण्यात घालवली, ज्याने वाद्यवृंदासाठी, पियानोसाठी आणि गायकवृंदासाठी लिहिले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात एक ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य धर्तीचे गायलेले नाटक, लिहिण्याचा घाट घातला, त्याची ओळख ‘साजेसे संगीत’ या दोन शब्दांत संपत असेल, तर तो दोष एकट्या लेखकाचा नाही. आपण सगळेच त्यांना तसे ओळखत आलो. म्हणून हे पत्र, आणि ते थोडे लांबले तर क्षमा असावी.

अडचण बरीचशी ‘संगीतकार’ या शब्दात आहे. मराठीत हा शब्द उच्चारला की गीताला चाल लावणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. कवीचे शब्द हाती पडतात, संगीतकार पेटीवर बोटे फिरवीत त्यांना स्वर शोधतो, गायक ती चाल गळ्यात उतरवतो, आणि व्हायोलिनने कुठे यायचे, बासरीने कुठे थांबायचे हे बहुतेक वेळा संगीत संयोजक ठरवतो. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत हे संयोजनाचे काम अनेक वर्षे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा गोव्याच्या मंडळींनी केले. गोव्याच्या चर्चच्या शाळांत लहानपणी शिकलेली पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांना इथे अन्न देऊन गेली. भाटिया यांना या कामासाठी दुसऱ्या कोणाची गरज नव्हती, कारण प्रत्येक वाद्याची ओळ स्वतःच्या हाताने कागदावर उतरवण्याचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले होते. चाल हा त्यांच्या दृष्टीने रचनेचा एक भाग होता, आणि कधीकधी तर सगळ्यात शेवटी सुचणारा भाग असावा, असे त्यांचे पार्श्वसंगीत ऐकताना वाटते.

आपल्या रागसंगीतात रचनाकार नाहीत असे मुळीच नाही. सदारंगांपासूनची बंदिशकारांची परंपरा आपण मानतो. पण बंदिश चार ओळींची असते आणि तिच्यावर तासाभराची इमारत उभी करतो तो गवई. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, त्या विस्मरणात जाऊ नयेत म्हणून. तो कागद आठवणीचा आधार आहे, त्यावरून राग उभा राहत नाही हे त्यांनाही ठाऊक होते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र लिहिलेला कागद हीच मूळ कृती मानली जाते, वाजवणारा तिचा अर्थ लावतो, आणि कागद पेटीत पडून राहिला तर कृतीही मुकी राहते. भाटिया यांच्या आयुष्याचा सगळा तिढा या फरकात सापडतो, असे मला वाटते.

त्यांचा जन्म ३१ मे १९२७ रोजी मुंबईत एका कच्छी भाटिया कुटुंबात झाला. न्यू एरा शाळेत ते शिकले. हिंदुस्थानी संगीताचे पहिले धडे त्यांनी गिरगावात प्रा. बा. र. देवधर यांच्या संगीत विद्यालयात घेतले, ही गोष्ट मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. कुमार गंधर्व ज्या वास्तूत घडले तीच ही वास्तू. देवधर मास्तर विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य खरे, पण पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केलेला होता, आणि त्यांच्याकडे कोणत्याही घराण्याचा गवई मोकळेपणाने येऊन गात असे. पुढे किशोरवयात भाटियांच्या कानांवर रशियन रचनाकार चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्सर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, पडला आणि गाडीने रूळ बदलले. डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षे ते पियानो शिकले. मधल्या काळात १९४९ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी साहित्यात एम. ए. झाले. घरच्या मंडळींना त्यावेळी काय वाटले असेल याची कल्पना करता येते. देश नुकता स्वतंत्र झालेला, आणि मुलगा विलायतेला निघाला तो बॅरिस्टर होण्यासाठी नव्हे, तर संगीत लिहायला शिकण्यासाठी.

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये हॉवर्ड फर्ग्युसन, अ‍ॅलन बुश आणि विल्यम अ‍ॅल्विन यांच्याकडे त्यांनी रचनेचा अभ्यास केला आणि १९५४ साली सुवर्णपदकासह ते उत्तीर्ण झाले. या तिघांत अ‍ॅल्विन यांचे नाव मला विशेष महत्त्वाचे वाटते. हे गृहस्थ सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचना, लिहीत आणि सत्तरहून अधिक चित्रपटांना संगीतही देत, आणि यातील एक काम उच्च व दुसरे पोटासाठीचे, अशी विभागणी तिथे कोणी फारशी करीत नसे. मैफलीसाठीचे संगीत लिहिणाऱ्याने चित्रपटाकडे वळणे म्हणजे पायरी उतरणे, हा समज भाटियांच्या मनात कधी रुजला नाही, त्याचे एक कारण हे शिक्षक असू शकतील.

लंडननंतर पॅरिस, आणि पॅरिसमध्ये संगीतरचना शिकवणाऱ्या नादिया बुलांजे. विसाव्या शतकातील संगीतरचनेचा इतिहास लिहिताना या बाईंना वगळून पुढे जाता येत नाही. अमेरिकेचे एरन कोपलंड आणि एलियट कार्टर, अर्जेंटिनाचे अस्तोर पियाझोला, पुढे फिलिप ग्लास, असे कितीतरी जण त्यांच्या शिष्यवर्गात होते, आणि गंमत अशी की यातील एकाचे संगीत दुसऱ्यासारखे नाही. पियाझोला सिंफनी लिहिण्याची हौस घेऊन १९५४ साली त्यांच्याकडे गेला, तेव्हा त्याच्या वह्या चाळून झाल्यावर बाईंनी त्याला टँगो, म्हणजे त्याच्या देशाचे नृत्यसंगीत, वाजवायला लावला आणि तुझे खरे घर हे आहे, ते सोडू नकोस, असे बजावले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. भाटिया त्याच सुमारास, रॉकफेलर शिष्यवृत्ती आणि नंतर फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून, त्यांच्याकडे शिकत होते. बुलांजे बाईंच्या शिकवणीचा पाया कडक होता. जर्मन रचनाकार बाखसारख्यांच्या रचना नजरेने वाचून वाजवायच्या, एका सुरावटीखाली दुसरी, तिसरी, चौथी सुरावट अशी लिहायची की प्रत्येकीला स्वतःचा जीव असावा आणि एकत्र ऐकताना गोंगाट होऊ नये. याला काउंटरपॉइंट म्हणतात. आपल्याकडे सवालजवाबात एक बोलतो तेव्हा दुसरा थांबतो. इथे चौघे एकाच वेळी बोलतात आणि तरीही चौघांचे म्हणणे कानाला कळते. ते जमवणे हे गणिताइतकेच घासून घासून आत्मसात करावे लागते. भाटियांनी ते पाच वर्षे घासले.

१९५९ साली ते परतले तेव्हा मुंबईत त्यांच्यासाठी काय होते? व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ साली उभा केलेला बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा हा या शहराचा अभिमान होता, परंतु मेहता स्वतः देशाबाहेर गेले होते आणि त्यांचे चिरंजीव झुबिन १९५४ सालीच शिकायला व्हिएन्नाला गेले होते. पगारावर नेमलेला, वर्षभर पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणारा एकही वाद्यवृंद देशात नव्हता. आदल्याच वर्षी, १९५८ साली, अँथनी गोन्साल्विस यांनी चित्रपटसृष्टीतील वादकांना जमवून ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला होता, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम केला होता, आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले होते. रागांवर बेतलेल्या वाद्यवृंदाच्या रचना असा तो प्रयोग होता आणि तो फार टिकला नाही. गोन्साल्विस हेही १९२७ सालचेच, भाटियांपेक्षा काही दिवसांनी लहान. एक गोव्यातील माजोर्ड्याच्या चर्चमधून आला, दुसरा गिरगावच्या देवधर विद्यालयातून पॅरिसला जाऊन आला, आणि दोघेही एकाच भिंतीपाशी येऊन थांबले. या योगायोगावर एखाद्या अभ्यासकाने स्वतंत्र लिहावे.

भाटिया मग जाहिरातींकडे वळले. साड्यांच्या एका जाहिरातपटापासून सुरुवात झाली, आणि पुढे त्यांनी रचलेल्या जिंगल्सची संख्या सुमारे ७,००० सांगितली जाते. धबधब्याखाली नाचणाऱ्या तरुणीची ती साबणाची जाहिरात आणि तिची ‘ला ला ला’ ही धून आजचे पन्नाशी-साठीचे वाचक विसरले नसतील. ती त्यांचीच. वीस-तीस सेकंदांत सुरुवात, मध्य आणि शेवट बसवणे हेही रचनेचेच काम आहे, आणि बुलांजे बाईंचा शिष्य ते करीत होता याची कोणाला दादही नव्हती. दरम्यान १९६० ते १९६५ या काळात दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे प्रपाठक म्हणूनही त्यांनी काम केले.

जाहिरातींच्या याच जगात दिग्दर्शक श्याम बेनेगल होते, आणि १९७४ साली त्यांनी ‘अंकुर’ काढला तेव्हा संगीतासाठी भाटियांना बोलावले. तिथून पुढची यादी आपल्या पुरवणीत आली आहे, ती मी पुन्हा देत नाही. ‘मंथन’मधील प्रीती सागर यांनी गायलेले गाणे घराघरांत पोहोचले, त्याला पुरस्कारही मिळाला आणि पुढे दुधाच्या जाहिरातीतून ते आणखी दोन पिढ्यांच्या कानांवर पडले. मात्र ‘भूमिका’विषयी थोडे बोलायला हवे, कारण तो विषय आपल्या घरचा आहे.

१९७७ सालचा हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला आहे. नायिका चित्रपटात काम करणारी, म्हणून चित्रपटातही चित्रपट येतात आणि त्यांची गाणी येतात. ती गाणी १९३० ते १९५० च्या दशकांतील त्या त्या काळची वाटली पाहिजेत. भाटियांनी नुसती जुनी वाद्ये आणि जुना ठेका वापरून वेळ मारून नेली नाही. त्यांनी किराणा घराण्याच्या सरस्वतीबाई राणे आणि पं. फिरोज दस्तूर यांना गायला बोलावले. सरस्वतीबाईंनी १९४३ च्या ‘रामराज्य’साठी पार्श्वगायन केले होते, आणि दस्तूर तर बोलपटांच्या अगदी आरंभी बालकलाकार म्हणून पडद्यावर आले होते. ज्या काळाचे गाणे रचायचे तो काळ ज्यांच्या गळ्यात साठवलेला आहे अशांना शोधून आणणे, ही रचनाकाराची नजर झाली. फ्यूग, म्हणजे एकच सुरावट अनेक आवाजांत गुंफणारी पाश्चात्त्य रचना, लिहिणारा माणूस नाट्यसंगीताच्या अंगाने जाणाऱ्या ताना कोणाच्या गळ्यातून याव्यात हेही जाणत होता, आणि ते जाणण्याचे एक मूळ गिरगावच्या त्या विद्यालयात असावे असे मला वाटते.

दुसरे उदाहरण दूरदर्शनचे. ‘खानदान’, ‘यात्रा’, ‘वागळे की दुनिया’ या मालिकांचे संगीतही त्यांचेच, पण १९८८ साली सुरू झालेल्या ‘भारत एक खोज’चे शीर्षकसंगीत वेगळ्याच उंचीवरचे आहे. मी त्या वेळी दादरच्या एका चाळीत राहत होतो, आणि संध्याकाळी एका गोवेकर सरांकडे व्हायोलिन शिकायला जात असे. वय झालेले आणि बोटे ताठलेली, त्यामुळे वादक काही झालो नाही, पण कागदावरचे संगीत वाचायला शिकलो. रविवारी सकाळी शेजारच्यांच्या दूरचित्रवाणीवर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताचे स्वर ऐकू आले की जिन्यावरची मुलेसुद्धा क्षणभर थबकत. त्यांना अर्थ कळत नव्हता, मलाही सगळा कळत नव्हता.

पुढे मी ते ध्वनिमुद्रण अनेकदा ऐकले आणि त्यातील कठीण भाग कोणता ते हळूहळू लक्षात आले. वेदपठणात मोजकेच स्वर असतात. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांच्या ठरलेल्या चढउतारात गाणाऱ्याला स्वतःचे काही घालता येत नाही. त्याला पाश्चात्त्य पद्धतीचा स्वरमेळ, म्हणजे हार्मनी, जोडला तर मूळ पठणाची शिस्त मोडते, आणि तसेच ठेवले तर पठण राहते, संगीत होत नाही. याहून मोठी अडचण आपल्या संपूर्ण स्वरव्यवस्थेची आहे. आपल्याकडे प्रत्येक स्वराला अर्थ येतो तो षड्जाशी असलेल्या त्याच्या नात्यातून, आणि हार्मनीत पायाखालची जमीनच सतत सरकत असते. गंधार तोच असतो, पण त्याखालचा स्वरसमूह बदलला की तो आता गंधार राहिला आहे का, असा प्रश्न पडतो. या शीर्षकसंगीतात संस्कृत ऋचेपासून निघून, मराठी नाटके हिंदीत नेणाऱ्या वसंत देव यांच्या हिंदी रूपांतरापर्यंत जाताना आवाज वाढत जातात, समूहस्वर आणि वाद्ये भरत जातात, आणि तरीही षड्ज जागचा हलल्यासारखा वाटत नाही. पठणातून गाणे कधी सुरू झाले ते बोट ठेवून दाखवता येत नाही. सृष्टीच्या आधी सत् नव्हते, असत्‌ही नव्हते, असे सांगणाऱ्या सूक्ताला याहून योग्य रचना मला सुचत नाही. त्याच वर्षी आलेल्या ‘तमस’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वांना माहीत आहे. परंतु माझ्या मते, रागाची जमीन न सोडता अनेक आवाजांचे संगीत कसे लिहावे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले सर्वांत स्पष्ट उत्तर कोट्यवधी लोकांनी दर रविवारी फुकट ऐकले, आणि ते उत्तर आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

पुरस्कारांविषयी एकच नोंद करतो. १९८९ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला तो ‘सर्जनशील आणि प्रायोगिक संगीत’ या वर्गात. गायन, वादन, नृत्य यांच्या ठरलेल्या खणांत ते बसत नव्हते आणि अकादमीला निदान वेगळा खण सापडला. २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा ते पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

आता मैफलीसाठीच्या संगीताकडे वळतो. व्हायोलिन आणि पियानोसाठी त्यांची ‘किंगुरीवाली’ नावाची रचना आहे. नाव वाचताच, दारोदार किंगरी वाजवीत फिरणारे गोसावी ज्यांनी लहानपणी पाहिले आहेत त्यांचे कान टवकारतील. एका तारेवर गज फिरवून भिक्षा मागणाऱ्याचा तो किरटा, हट्टी सूर व्हायोलिनकडे देण्याची कल्पना मला फार आवडते, कारण व्हायोलिनलाही आपण आपल्याकडे गायकी अंगाने आणि दरबारी अदबीनेच वागवतो. तंतुवाद्यांसाठी ‘सिंफोनिया कॉन्सर्टांते’ आहे, पियानोसाठी १९९९ सालची ‘फँटसिया अँड फ्यूग इन सी’ आहे. जगद्विख्यात चेलोवादक यो-यो मा जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत आले तेव्हा त्यांनी भाटियांची ‘रेव्हरी’ वाजवली. एक्याण्णव वर्षांच्या रचनाकाराच्या स्वतःच्या शहरात त्याची कृती वाजवायला बाहेरून माणूस यावा लागला, असा टोमणा कोणी मारला तर त्याला उत्तर देणे अवघड आहे.

आणि ‘अग्निवर्षा’ हा त्यांचा ऑपेरा. तो ज्यावर बेतला आहे ते गिरीश कर्नाड यांचे मूळ कन्नड नाटक महाभारताच्या वनपर्वातील यवक्रीताच्या कथेवर आधारलेले आहे. कर्नाडांना भाटिया चांगले ओळखत होते, कारण ‘निशांत’ आणि ‘मंथन’ या दोन्ही चित्रपटांत कर्नाडांनी भूमिका केल्या होत्या आणि दोन्हींचे संगीत भाटियांचे होते. अवर्षणाने होरपळलेला प्रदेश, पावसासाठी चाललेला यज्ञ, आणि त्या यज्ञाच्या आडून घडणारे मत्सर, व्यभिचार आणि हत्या, असा हा ऑपेराला हवाच असलेला ऐवज आहे. त्याचे पहिले दोन अंक २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये सादर झाले. गिरगावात ज्याच्या नावाने एक चौक आणि सारा परिसर ओळखला जातो तो ‘ऑपेरा हाउस’ आपण जीर्णोद्धार करून पुन्हा उघडला, पण मुंबईत जन्मलेल्या माणसाने लिहिलेला ऑपेरा अजून आपल्या नाट्यरसिकांच्या चर्चेचा विषय झालेला नाही.

यावर ‘पाश्चात्त्य संगीताशी आमचा काय संबंध?’ असा प्रश्न येईल, आणि तो प्रामाणिक असेल तर त्याला उत्तरही प्रामाणिक द्यायला हवे. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला ऑर्गन होता. ज्या पेटीवर आपला भजनी मंडळाचा कार्यक्रम होतो ती युरोपातून आली. बँडचे ताफे लग्नांत आणि मिरवणुकांत वाजले, आणि गोव्यात तर चार शतकांची चर्चसंगीताची परंपरा आहे. वाद्ये आपण हौसेने घेतली. ती वाद्ये ज्या विचारासाठी तयार झाली तो अनेक सुरावटी एकत्र नांदवण्याचा विचार मात्र आपण दाराबाहेर ठेवला. तो आत आणण्याचा प्रयत्न ज्या थोड्यांनी केला त्यांपैकी भाटिया एक. तो प्रयत्न सर्वत्र साधला असे मी म्हणणार नाही. काही पार्श्वसंगीतात त्यांचे ज्ञान प्रसंगाच्या पुढे धावते आणि दृश्य मागे पडते, असेही मला कधीकधी वाटले आहे. पण असा दोष काढण्यासाठीसुद्धा आधी ऐकायला मिळायला हवे, आणि त्यांचे बहुतेक मैफली संगीत सामान्य रसिकाला ऐकायलाच मिळत नाही.

अखेरच्या वर्षांत, २०१९ च्या सुमारास, त्यांच्या आर्थिक हलाखीच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. घरातील चीजवस्तू विकण्याची वेळ आल्याचे त्यांत म्हटले होते. अनेकांनी हळहळ व्यक्त केली, काहींनी मदतही केली. त्या बातम्या वाचताना मला राहून राहून जिंगल्सचा आकडा आठवत होता. त्या काळी जिंगलचे पैसे एकदाच हातात पडत आणि धून पुढे वीस वर्षे वाजली तरी रचनाकाराला त्याचा हिस्सा नसे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन गीतकार व संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क करारानेही काढून घेता येणार नाही अशी तरतूद झाली, पण तोवर त्यांची लिहिण्याची बहुतेक वर्षे उलटून गेली होती. ७ मे २०२१ रोजी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या आठवड्यांत वृत्तपत्रांची पाने मृत्यूच्या बातम्यांनी भरलेली होती, आणि त्यांच्यावरील मजकूर बहुतेक ठिकाणी एका चौकटीत बसवला गेला. त्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही.

३१ मे २०२७ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होतील. शताब्दी म्हटली की आपल्याकडे सभागृह, हार, दोन भाषणे आणि गाजलेल्या गाण्यांचा वाद्यवृंद ठरलेला असतो. भाटियांच्या बाबतीत तेवढे झाले तर पुन्हा ‘साजेसे संगीत’च साजरे होईल. त्याऐवजी करण्यासारखे काम बरेच रुक्ष आहे. त्यांच्या सर्व मैफली रचनांची एक विश्वसनीय सूची हवी. हस्तलिखितांवरून स्वच्छ छापील प्रती हव्यात. वाद्यवृंदाच्या संचालकासाठी सगळ्या ओळी एकत्र असलेली प्रत वेगळी आणि प्रत्येक वादकाच्या स्टँडवर ठेवायची त्याच्या एकट्याच्या ओळीची प्रत वेगळी, हे बाहेरच्यांना बहुधा ठाऊक नसते. एका वीस मिनिटांच्या रचनेसाठी अशा वीस-पंचवीस निरनिराळ्या प्रती तपासून काढाव्या लागतात, आणि त्यात एक मध्यम चुकून कोमल गंधार झाला तर सरावाचा अर्धा दिवस वाया जातो. हे काम झालेले नसेल तर जगातला कोणताही वाद्यवृंद, कितीही इच्छा असली तरी, ती रचना वाजवू शकत नाही.

१९५९ साली नसलेली एक गोष्ट मात्र आज आहे. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, २००६ पासून ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ हा व्यावसायिक वाद्यवृंद उभा आहे. याच वाद्यवृंदाने उस्ताद झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंदासाठी ‘पेशकार’ ही रचना लिहून घेतली आणि २०१५ मध्ये ती सादर केली. तेव्हा भारतीय रचनाकाराची कृती वाजवण्याची तयारी आणि क्षमता इथे आहे, हे सिद्ध झालेले आहे. ‘अग्निवर्षा’चा निदान एक अंक, तोही वेशभूषा-नेपथ्याशिवाय, केवळ गायक आणि वाद्यवृंद समोर बसवून, मुंबईकरांना ऐकवता आला तर शताब्दीचे सार्थक होईल. आपल्या विद्यापीठांतील संगीत विभागांनीही यात भाग घ्यावा. हिंदुस्थानी संगीताच्या विद्यार्थ्याला ‘भारत एक खोज’चे शीर्षकसंगीत स्वरलिपीत उतरवून काढायला सांगितले, तर त्याला एका दुपारी जे कळेल ते माझ्या या लांबलचक पत्रातून कळणार नाही.

आपल्या पुरवणीला एक विनंती आहे. शताब्दीच्या निमित्ताने भाटियांवर लेख येईलच, तो चित्रपटांच्या पानावर न छापता संगीताच्या पानावर छापावा, आणि तो लिहिण्यासाठी त्यांच्या रचना प्रत्यक्ष वाजवलेल्या एखाद्या पियानोवादकाला किंवा व्हायोलिनवादकाला निमंत्रण द्यावे. माझ्याकडे ‘भारत एक खोज’च्या शीर्षकसंगीताचे मी माझ्या परीने उतरवलेले चार पानी टिपण आहे. समूहस्वराच्या जागी दोन ठिकाणी खालचा आवाज मला नीट ऐकू येत नाही आणि तिथे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ठेवले आहे. जाणत्या वाचकांपैकी कोणी ती दोन ठिकाणे दुरुस्त करून देणार असेल, तर ते टिपण आपल्या कार्यालयात आणून देण्याची माझी तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना वाचक,
ठाणे